सुग्रीवची तिथी

धारूरच्या पेठेत खवा म्हटलं की छबुबाईचं नाव निघायचं, आणि छबुबाईचं नाव निघालं की कुणीतरी हसायचंच. बाई होतीच तशी. किल्ल्याच्या अंगाला चरणाऱ्या म्हशीला तिनं घरातून हाक मारली की पेठेतली गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघायची. चार म्हशी, एक भट्टी, दोन मुलगे, दोन सुना आणि आप्पाराव नावाचा नवरा असा तिचा संसार. आप्पाराव दिवसाकाठी दहाएक शब्द बोलायचा. उरलेलं सगळं छबुबाई बोलायची, त्यामुळे त्या घरात बोलण्याचा दुष्काळ कधी पडला नाही.

खव्याच्या बाबतीत मात्र बाई एकदम कडक. दूध कढईत पडलं की हातातला सराटा थांबायचा नाही. थांबला की बुडाला लागलंच. कढई चुलीवर असताना देव दारात आला तरी ही बसल्या जागेवरूनच त्याला सांगेल की जरा दम धरा, असं आप्पाराव म्हणायचा. त्याच्या दहा शब्दांतले बरेच शब्द त्या दिवशी असे खर्ची पडायचे.

छबुबाईचं माहेर सिरसाळ्याचं. लग्न होऊन ती धारूरला आली ती तेराव्या वर्षी, आणि आली ती कडेवर पोर घेऊन. यावरून पेठेनं पुढची तीस वर्षं आपली करमणूक करून घेतली. ते पोर म्हणजे तिचा धाकटा भाऊ सुग्रीव. तो दहा महिन्यांचा असताना आई रतनबाई तापानं गेली. बाप त्या दिवसापासून जो शेतात जाऊन बसला तो घरात फक्त जेवायला यायचा. चुलतीला स्वतःचीच तीन लहान होती. मग बारा वर्षांच्या छबुनं भावाला कडेवर घेतलं आणि खाली ठेवायचं विसरूनच गेली. लग्नाची गाडी निघायच्या वेळी त्याला तिच्या कडेवरून काढायला गेले तर त्यानं असा टाहो फोडला की बैल बिचकले. छबु म्हणाली, हा नाही तर मीही नाही. वऱ्हाडी मंडळींत कुजबुज झाली, दोन्हीकडचे म्हातारे खाकरले. तेव्हा सासू सुंदरबाई पुढं झाली आणि म्हणाली, "गाय घेतली की वासरू मागं येतंच. चढ गाडीत."

धारूरला उंबऱ्यावर धान्याचं माप मांडलं होतं. नवरीनं पायानं लवंडायचं ते माप तिच्या आधी सुग्रीवनंच रांगत जाऊन लवंडलं, आणि वर दोन मुठी ज्वारी तोंडात कोंबली. सुंदरबाई त्यावर इतकी हसली की तिला उंबऱ्यातच बसावं लागलं.

छबुबाईनं पुढं स्वतःची दोन पोरं वाढवली आणि त्यांच्या पुढं चालणारं हे तिसरं. पण सुग्रीवला तिनं एक गोष्ट पक्की शिकवली होती. तो तिला आक्का म्हणायचा. पेठेतल्या बाया त्याला मुद्दाम विचारायच्या, तुझी माय कोण रे, आणि तो छबुबाईकडं बोट दाखवायला लागला की ती त्याचा हात खाली करायची. माय आपली सिरसाळ्याला होती, देवाघरी गेली, मी आक्का. मेलेल्या माणसाची जागा आपण बळकावू नये, असं तिचं साधं म्हणणं होतं, आणि ते ती कधी सोडत नसे.

सुग्रीव मोठा झाला तो घोड्यांच्या नादानं. मोमिनाबादच्या बाजाराला खवा घेऊन पाठवलं की हा घोडे बघत उभा राहायचा आणि खवा उन्हात घाम सोडायचा. एकोणिसाव्या वर्षी तिथंच भरतीवाले आले आणि हा निजाम सरकारच्या रिसाल्यात सवार म्हणून भरती झाला. घरी येऊन सांगितलं ते कढई चुलीवर असताना, कारण तेव्हा आक्का उठून मारायला येऊ शकत नाही हे त्याला ठाऊक होतं.

वर्षा-दोन वर्षांनी रजेवर यायचा. पागोटं, बूट, कमरेला पट्टा. छबुबाई त्याच्या मागं मागं सगळ्या पेठेतून फिरायची, भाव विचारायच्या निमित्तानं, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायची की भाऊ आलाय. त्याची पत्रं यायची ती आप्पारावच्या नावानं. बाईमाणसाचं नाव लखोट्यावर घालायची रीत नव्हती. मग मोठी लढाई लागली आणि रिसाला जहाजात बसून मिसर देशाकडं गेला. चार वर्षं पत्रं आली, आणि मानमोडीच्या साथीत इकडं घराघरांत माणसं पडत होती त्याच हंगामात पत्रं थांबली. पुढं रजेवर आलेल्या केजकडच्या एका सवारानं वाटेत थांबून सांगितलं की सुग्रीव लढाईत गेला. सांगणारा दुसऱ्या तुकडीतला होता. त्यानंही ऐकलंच होतं. याहून जास्त त्याला माहीत नव्हतं.

छबुबाई त्यानंतर सहा महिने मोठ्यानं बोलली नाही. म्हशीसुद्धा उशिरा घरी यायला लागल्या. मग हळूहळू आवाज परतला, कारण तिच्या अंगात दुःख फार दिवस मुक्कामाला ठेवायला जागाच नव्हती. पण एक गोष्ट राहून गेली, आणि तीच पुढं कुसळासारखी टोचत राहिली.

सुग्रीवचं लग्न झालं नव्हतं आणि बापही मागंच वारला होता. त्याचे पितर घालायचे ते भावकीनं, म्हणजे सिरसाळ्याच्या चुलतभावानं, अर्जुनरावानं. अर्जुनराव हा माणूस मनानं चांगला, पण गोष्टीनं मोठा. सुग्रीव लढाईत गेला एवढं त्याच्या कानी पडलं आणि त्याला जन्माचा धंदा मिळाला. पहिल्या वर्षी सुग्रीवनं भाल्यानं एक गनीम पाडला होता. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी त्यानं एक तोफ काबीज केली आणि तिच्यावर चढून निशाण फडकवत असताना त्याला गोळी लागली. सिरसाळ्याच्या चावडीत लोक मुद्दाम विचारायचे, आणि अर्जुनराव मिशीला हात लावून सुरू करायचा. आता हत्यारानं मेलेल्या माणसाचं पान भाद्रपदातल्या पितरपाटात वाढायचं ते घातचवदसेला. त्याप्रमाणे अर्जुनराव दरसाल घातचवदसेला पान वाढत होता, आणि छबुबाई धारूरहून गाडी जुंपून जात होती.

तिसऱ्या वर्षी जाऊन आली आणि तिनं आप्पारावला मनातलं सांगितलं. कुणी बघितलंय तो हत्यारानं गेला ते? कोणत्या दिवशी गेला ते? माणूस ज्या तिथीला गेला त्याच तिथीला जेवायला येतो. आपण चवदसेला वाढतो. पोरगा भलत्याच दिवशी दारात येत असेल, चूल थंड बघत असेल आणि उपाशी परत जात असेल. तीन वर्षं. सुग्रीवला लहानपणापासून भूक सहन होत नसे. भूक लागली की तो रडत नसे, नुसता गप्प बसायचा, आणि ते तिला जास्त लागायचं. आप्पाराव म्हणाला, "सरकारला इचार की. त्यांच्याकडं लिवलेलं असंल."

पेठेत विरुपाक्षआप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, नाकावर चष्मा. उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे अर्ध्या धारूरची सरकारी कागदपत्रं त्यांच्या गुळाच्या ढेपेवर वाचली जायची. अर्ज लिहिणं हा त्यांचा शौक. हुजुरांना एवढ्या पदव्या द्यायचे की मूळ मुद्दा कागदाच्या तळाशी, कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. संक्रांत होऊन गेल्यावर छबुबाई त्यांच्याकडं खव्याचा गोळा घेऊन गेली आणि म्हणाली की मला माझ्या भावाचा कागद पाहिजे. कुठं गेला, कशानं गेला, आणि मुख्य म्हणजे कोणत्या दिवशी गेला.

विरुपाक्षआप्पांनी लेखणी बुडवली. मयताशी तुमचं नातं काय, म्हणाले. थोरली बहीण, ती म्हणाली. त्यांनी तसं लिहिलं, तिनं अंगठा दिला, आणि अर्ज हैदराबादला रिसाल्याच्या दफ्तराकडं गेला.

उत्तर आलं चैत्रात. विरुपाक्षआप्पांनी वाचून सांगितलं. सवार भरती होताना आपला वारस कोण ते स्वतः सांगतो आणि दफ्तरात तेच नाव चढतं. कागदाची नक्कल त्या वारसालाच मिळते, दुसऱ्याला नाही. या सवाराच्या पानावर बहिणीची नोंद नाही. वारस म्हणून त्याची आई लिहिलेली आहे. तरी आईनं अर्ज करावा.

ऐकून पेठेला आनंदाचं भरतं आलं. सरकार मेलेल्या बाईचा अंगठा मागतंय म्हटल्यावर हसायला आणखी काय पाहिजे. छबुबाईला मात्र ते एका परीनं बरंच वाटलं. पोरानं भरती होताना आईचं नाव घेतलं, आपण शिकवलेलं तो विसरला नाही, असं ती सुनांना सांगत होती. फक्त थोडं, अगदी खव्यावरच्या साईएवढं, तिला लागलंही. बहिणीची नोंद नाही, हे शब्द सराटा फिरवताना पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मग तिनं स्वतःचीच समजूत घातली की लग्न झालेली बहीण परक्या घरची, तिची नोंद कोण करतं.

हे अर्जुनरावच्या कानावर गेलं आणि तो दुसऱ्याच दिवशी धारूरला हजर. त्याचं म्हणणं सरळ होतं. आई नाही, बाप नाही, म्हणजे वारस भावकी. अर्ज माझ्या नावानं करा, सगळी मर्दुमकी बैजवार लिहून येते की नाही बघा. छबुबाईनं हरकत घेतली नाही. कुणाच्याही नावानं मागवा पण दिवस तेवढा मागवा, म्हणाली. विरुपाक्षआप्पांनी दुसरा अर्ज लिहिला. सवाराची आई रतनबाई मयत होऊन तीस वर्षं लोटली, चुलतभाऊ अर्जुनराव हाच जवळचा पुरुष वारस, तरी नक्कल त्यास मिळावी.

दुसरं उत्तर आषाढात आलं. दुकानात त्या वेळी छबुबाई होती, अर्जुनराव सिरसाळ्याहून मुद्दाम आला होता, आणि मीठ घ्यायला आलेल्या दोघी-तिघी होत्या. विरुपाक्षआप्पांनी कागद उघडला, पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग सगळं मनात वाचलं. छबुबाईला वाटलं, काहीतरी वाईट आहे.

"बाई," ते म्हणाले, "ह्यात लिवलंय की रतनबाई ह्या नावाची कुनी बाई दफ्तरात न्हाई. सवारानं भरतीच्या वक्ताला आपल्या तोंडानं आईचं नाव सांगितलं ते हाय छबुबाई. मुक्काम धारूर."

छबुबाई म्हणाली, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. पुढं आणखी होतं. सवाराच्या मृत्यूची खबर त्याच वेळी त्याच्या आईस धारूरच्या पत्त्यावर सरकारी लखोट्यानं कळवली होती. लखोट्यावर 'सुग्रीव सवाराची आई' असं लिहिलं होतं. तो लखोटा, आई मयत आहे असा शेरा पडून परत आला. तरी छबुबाई जिवंत की मयत याचा खुलासा व्हावा. जिवंत असल्यास तिचा अंगठा, पाटलाची सही आणि मयताच्या भावकीतल्या एका इसमाची साक्ष घेऊन अर्ज पाठवावा.

तेव्हा छबुबाईला आठवलं. मानमोडीची साथ ओसरली होती. कढई चुलीवर होती, दूध आटत आलं होतं. डाकवाला दारात आला आणि त्यानं बाहेरूनच विचारलं की सुग्रीव सवाराची आई इथं राहते का. हातातला सराटा न थांबवता तिनं आतूनच सांगितलं होतं की त्याची आई कधीच वारली, मी बहीण, परक्या घरची. सरकारी कागद असेल तर सिरसाळ्याला भावकीकडं ने बाबा, हक्क त्यांचा. डाकवाला नवा होता. बरं म्हणाला आणि गेला. सिरसाळ्याला तो कागद कधी पोचलाच नाही. तिनंच तो दारातून परत पाठवला होता, खवा बुडाला लागू नये म्हणून.

ती तिथं गुळाच्या ढेपेजवळ बसली आणि रडली. मोठ्यानं, तिच्याच आवाजात, त्यामुळे सगळ्या पेठेला कळलं. रडता रडता मधेच हसायची आणि परत रडायची. मीठ घ्यायला आलेल्या बायाही रडायला लागल्या. अर्जुनराव दुकानाच्या खांबाकडं बघत उभा राहिला.

आता काम सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. पण छबुबाईनं अंगठा द्यायला नकार दिला. घरी जाऊन चार दिवस ती खवा ढवळत राहिली. आप्पारावनं कारण विचारलं तर म्हणाली की पोरगं होतं, बोलून गेलं. पण मी जाणती. दहा महिने त्याला पाजलं तिनं, नऊ महिने वाहिलं तिनं, आणि मी तिच्या नावावर अंगठा मारू? वर गेल्यावर तिला तोंड कसं दाखवू? आणि मग लगेच म्हणायची, पण दिवस कसा कळायचा. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला उपाशी पोरगा. त्या चार दिवसांत तिच्या हातून दोनदा खवा करपला. धारूरच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

शेवटी विरुपाक्षआप्पाच सगळ्यांना घेऊन मोहनराव पाटलांच्या ओसरीवर गेले. पाटील कायद्याचा माणूस. त्यांनी कागद पाहिला आणि मान हलवली. ही बाई मयताची आई आहे असं मी लिहून दिलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर सरकार मला विचारेल. भावकीतला माणूस शपथेवर साक्ष देत असेल तरच मी सही करतो, म्हणाले. सगळ्यांनी अर्जुनरावकडं बघितलं.

अर्जुनरावला यात गमावण्यासारखंच सगळं होतं. साक्ष दिली की वारसपणा गेला, आणि नक्कल छबुबाईच्या हातात गेली की तोफेचं काय होईल सांगता येत नव्हतं. तो बराच वेळ पायातल्या वहाणेशी खेळत बसला. मग त्यानं डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर दातांचा एक जुना वण होता.

"हिच्या लग्नात मला सांगितलं व्हतं, पोराला हिच्या कडंवरनं काढ," तो म्हणाला. "मी पंधरा वर्साचा. वढाया गेलो तर चावला मला. काकू गेलेली मी पायली, पाटील. पन त्या दिवशी जी पोराला सोडंना तीबी मी पायली. लिवा तुमी. मायच हाय."

मग छबुबाईकडं वळून म्हणाला की काकूनं जाताना पोर तुझ्याच हातात दिलं होतं, माझ्या आईच्या नाही. तिला राग यायचा असता तर तेव्हाच आला असता. पाटलांनी शाईची डबी पुढं केली. तिनं अंगठा दिला, पण तोंडातून माय हा शब्द काही काढला नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि घरी निघून गेली.

नक्कल आली श्रावण संपता संपता. या वेळी आप्पाराव, मुलगे, सुना, अर्जुनराव, सगळेच दुकानात. विरुपाक्षआप्पांनी एकेक रकाना वाचला. नाव, गाव, उंची. मग हुलिया, म्हणजे अंगावरच्या ओळखीच्या खुणा. उजव्या कोपराला भाजल्याचा जुना डाग. छबुबाई म्हणाली, कढईचा हाय, खरवड खायाला हात घातलता. मग दहा वर्षांची नोकरी. शिक्षा एकच, रजेवरून दोन दिवस उशिरा हजर. सवाराने सांगितलेली सबब, आईने बूट लपवून ठेवले.

इथं आप्पाराव हसला. त्याचा हसण्याचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला. बूट खरोखरच कडब्याच्या गंजीत होते आणि ते तिथं कुणी ठेवले हे छबुबाईनं आजवर कबूल केलं नव्हतं.

मग शेवटचा रकाना. विरुपाक्षआप्पांनी आवाज खाली आणला. मिसर मुलखातल्या फौजी दवाखान्यात चौदा दिवस तापाने आजारी. दवाखान्यातच मृत्यू. दहन तुकडीतल्या हिंदू साथीदारांनी केले. तारीख ६, महिना दै, सन १३२८ फसली. सरकारी सामान, भाला एक, साबूत, जमा.

छबुबाईनं विचारलं, दवाखान्यात म्हणजे खाटेवर? खाटेवर, विरुपाक्षआप्पा म्हणाले. चौदा दिवस? चौदा दिवस. तिनं डोळे मिटले. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांपुढं तो वाळूत पडलेला होता, एकटा, तोंड उघडं, आणि जवळ कुणी नाही. अर्जुनरावच्या गोष्टीतला हरेक गनीम तिला रात्रंदिवस छळत होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"खाटंवर गेला," ती म्हणाली. "चौदा दिवस व्हता म्हंजी कुनीतरी तोंडात पानी घातलं असंल. पेज घातली असंल. उपाशी न्हाई गेला."

तिच्या तोंडावर असं समाधान आलं की विरुपाक्षआप्पांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. फक्त अर्जुनराव कोपऱ्यात बसला होता. भाला साबूत जमा झाला होता. तोफ गेली होती, तीन गनीम गेले होते, पहिल्या वर्षीचा एकसुद्धा राहिला नव्हता. छबुबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली की दादा, लढाईवर गेला म्हणूनच ना ताप आला, घरी असता तर कशाला आला असता. तुझी लढाई खोटी नव्हती, तू नुसती जरा लांबवलीस. अर्जुनराव आधी ओशाळला आणि मग त्यालाही हसू आलं.

तारखेची तिथी काढायला विरुपाक्षआप्पांची फसली तारखांची जंत्री आणि जोशीबुवांचं जुनं पंचांग शेजारी शेजारी मांडलं. दोघांत थोडी झकाझकी झाली, पण दोघांचंही बोट शेवटी एकाच ठिकाणी टेकलं. कार्तिक शुद्ध सप्तमी. म्हणजे पितरपाटातली त्याची तिथी सप्तमी. छबुबाईनं सप्तमी, सप्तमी असं दोनदा म्हणून बघितलं आणि घरी जाताना भेटेल त्याला सांगत गेली.

त्या भाद्रपदात सुग्रीवचं पान पहिल्यांदा धारूरला वाढलं गेलं. अर्जुनरावच म्हणाला की पोरगं ज्या घरात जेवलं तिथंच जेवू दे. तो बायकापोरांसह गाडी भरून आला आणि भावकी म्हणून पाटावर बसला. छबुबाईनं पहाटेपासून चूल सोडली नव्हती. आमटी, वडे, खीर, आणि पानाच्या कडेला खव्याची खरवड, जी कुठल्याही पितराला कधी वाढली गेली नसेल. जोशीबुवांनी भुवई वर केली. पान वाढून झालं, पुरुषांची पंगत उठली. त्यांची पोटं भरली होती आणि ओसरीवर गप्पा चालू होत्या.

तेवढ्यात विरुपाक्षआप्पांना खिशातला कागद आठवला. नक्कल पोचल्याची पावती सरकारला पाठवायची होती आणि ती तशीच राहिली होती. त्यांनी सगळं आधीच लिहून आणलं होतं, एक जागा कोरी ठेवली होती. मयताशी नातं. मागच्या खेपेला बाईनं चार दिवस घेतले होते, म्हणून या वेळी ते जरा बिचकतच आत गेले आणि म्हणाले की इथं काय घालू, तुम्ही म्हणाल ते घालतो.

छबुबाई बायकांच्या पंगतीला खीर वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, ओला हात पदराला पुसला आणि अंगठा शाईच्या डबीवर ठेवला.

"माय लिवा," ती म्हणाली. "धारूरची."